बीव्हरक्रीकचा डबा आणि आमचा बांध

दिवाळीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्या घरी मुंबई-पुण्याची नातवंडे येत असतील, तर हा अनुभव तुम्हालाही आला असेल. सकाळी न्याहारी झाली की आपण हौसेने म्हणतो, "चला रे, मळ्यात जाऊन येऊ." पोरे विचारतात, "तिथे काय आहे?" आता काय सांगायचे? विहीर आहे, जोंधळा आहे, चार लिंबाची झाडे आहेत, बांध आहे. ते सगळे त्यांनी मागच्या खेपेला पाहिलेले असते. मग ती मोबाइल घेऊन सोप्यात बसतात आणि आपण चपला पायात सरकवून एकटेच निघतो.

या दुखण्यावरचा एक गमतीचा उपाय मी सातासमुद्रापलीकडे पाहिला आणि पुढे आपल्या मातीतही करून पाहिला. मोबाइल पोरांच्या हातातून न काढता त्यांना चालायला लावायचे, असा हा उपाय आहे. तो आज तुम्हाला सांगतो.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या हिल्सबरो गावी असतात. तिथे संगणकाच्या चिप बनवण्याचे मोठे कारखाने आहेत, आणि त्यापायी आपली पुष्कळ मराठी मंडळी त्या भागात स्थायिक झाली आहेत. मी २०२४ च्या मे अखेरीस कृषी खात्यातून निवृत्त झालो. नोकरीत असताना पेरणीच्या दिवसांत रजेचे नावही काढता येत नसे. त्यामुळे जुलैत आम्ही दोघे मुलीकडे गेलो, तो मला आठवतो तसा पहिलाच रिकामा पावसाळा.

पावसाळा म्हणतो खरा, पण तिकडे जुलै म्हणजे कोरडा ठणठणीत महिना. त्यांचा पाऊस ऑक्टोबरपासून मेपर्यंत, थंडीत पडतो आणि उन्हाळ्यात उघडीप. आपल्या अगदी उलट. या कोरड्या उन्हाळ्याच्या जोरावरच तिथल्या विलॅमेट नदीच्या खोऱ्यात एक पीक घेतात, त्याचे नाव ऐकून तुम्हाला हसू येईल. ते पीक म्हणजे गवताचे बी. मैलोगणती गवताची शेते! जुलैत कापणी करून ओळी वाळत टाकतात, मग मळणी होते, आणि ते बी बागांसाठी, मैदानांसाठी, कुरणांसाठी दूरदूर जाते. ज्याच्या पायी आपण खुरपणीला बाया लावतो, ते तिथे यंत्राने पेरतात. शेजारी हेझलनट नावाच्या कठीण कवचाच्या फळाच्या बागा. अमेरिकेतले जवळजवळ सगळे हेझलनट या एका खोऱ्यात होते. आणि नाताळच्या झाडांची शेती. सात-आठ वर्षे एक झाड वाढवायचे आणि एका सणासाठी कापून विकायचे. मला वाटले, सात वर्षे वाट पाहणारा शेतकरी म्हणजे धीराचा माणूस. असो. शेतीवर सुरू झालो की मला थांबता येत नाही.

तर मुद्दा नातवंडांचा. थोरला नातू साडेआठ वर्षांचा, धाकटी नात पाच वर्षांची. दोघेही मराठी समजतात, बोलताना मात्र निम्मे इंग्रजी. पहिल्या रविवारी जावई म्हणाले, "आबा, आज डबा शोधायला जाऊ." मला वाटले जेवणाचा डबा! पण हा डबा निराळा.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. जिओ म्हणजे पृथ्वी आणि कॅश म्हणजे दडवून ठेवलेला साठा. रोकड या अर्थाचा कॅश तो वेगळा. कोणीतरी एक डबा कुठेतरी दडवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी ते आकडे मोबाइलमध्ये घालून जागेवर जायचे, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसाच, होता तिथेच ठेवून द्यायचा. डब्यात बारीकसारीक खेळणी असतात. एखादे घ्यायचे असेल तर त्याच तोलाचे किंवा थोडे बरे असे काहीतरी आत टाकायचे. खाण्याची वस्तू मात्र ठेवायची नाही, कारण वासाने जनावरे येतात आणि डबा फोडतात. इतकाच खेळ. पैसा लागत नाही, हारजीत नाही.

मोबाइलला जागा कशी कळते हे थोरल्याला विचारले तर म्हणाला, "सॅटेलाइट." पुढे काय ते त्याला ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही अंगणात गोट्या मांडून बसलो. तुम्हीही नातवंडांना असे सांगून बघा. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे किमान २४ उपग्रह सतत फिरत असतात. प्रत्येक उपग्रह अत्यंत अचूक घड्याळाची वेळ खाली पाठवत राहतो. ती वेळ आपल्यापर्यंत यायला किती उशीर झाला, यावरून तो उपग्रह किती लांब आहे हे मोबाइल काढतो. असे चार उपग्रह मिळाले की आपण कुठे उभे आहोत ते ठरते. मोजणीदार तीन ठिकाणांहून माप घेऊन कोपरा पक्का करतो ना, त्याच जातीचे हे काम, फक्त साखळी आकाशातून टाकलेली.

ही सोय मुळात अमेरिकन लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात ते मुद्दाम घोळ घालून ठेवत, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला सरकारने तो घोळ बंद केला आणि एका रात्रीत जगभरच्या यंत्रांची नजर सुधारली. ती किती सुधारली ते पाहण्यासाठी लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर कळवले. बादलीत पुस्तके, चित्रफिती, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या शिजवलेल्या दाण्यांचा एक डबा होता. तीन दिवसांच्या आत ती बादली दोनदा सापडली. माइक टीग हा पहिला शोधणारा. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत, असे या खेळाचे लोक सांगतात. आणि ती पहिली बादली ठेवली ते बीव्हरक्रीक हे ठिकाण मुलीच्या घरापासून मोटारीने तासाभराच्या वाटेवर! तिथे जायचेच असे आम्ही ठरवले. पण आधी घराजवळचे दोन-तीन डबे शोधून हात बसवायचा होता.

पहिला डबा नदीकाठच्या झाडीत होता. थोरल्याने मोबाइल धरला, धाकटी पुढे पळाली. बाण दाखवत होता, अंतर घटत होते. चाळीस मीटर, वीस मीटर, आठ मीटर. आणि मग बाण गरगर फिरायला लागला. दाट झाडीखाली आकाश नीट दिसत नाही, त्यामुळे पाच-दहा मीटरचा फरक पडतोच. इथून पुढे यंत्राचा उपयोग संपतो. जावई म्हणाले, "आता मोबाइल खिशात ठेवायचा आणि डोळे वापरायचे."

वाचकहो, हा या खेळातला मला सर्वांत आवडलेला भाग. रानात जे आपोआप झालेले नाही ते हुडकायचे. चार काटक्या एकाच दिशेला पडल्या आहेत, त्या कोणी ठेवल्या? दगडाच्या वरच्या अंगाला शेवाळ हवे, ते खालच्या अंगाला का? पाने एवढ्याच जागी दाट का? मी पस्तीस वर्षे शेतकऱ्यांच्या पिकात फिरून पानामागची अळी हुडकली, पण त्या दिवशी डबा पहिल्यांदा दिसला तो आमच्या सौ.ना. पडलेल्या जुनाट ओंडक्याच्या पोकळीपुढे सालींचे तुकडे जरा जास्तच नीट लावले होते. जन्मभर जोंधळ्यातले खडे निवडलेली नजर ती! पण त्या बोलल्या नाहीत. ओंडक्यापासून दहा पावलांवर एका दगडावर गुडघे चोळत बसून राहिल्या. पुढची पंधरा मिनिटे पोरे झुडपे धुंडाळत होती. शेवटी धाकटी ओरडली, "आजी, इथे आहे!" आजीने तोंडावर हात ठेवून नवल केले. मोठ्या माणसाला आधी दिसले तर त्याने बसून घ्यावे आणि गप्प राहावे, हा नियम आमच्यात तेव्हापासून पडला. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तो जरूर पाळावा. आपण सापडवून दिलेला डबा पोराच्या लेखी सापडलेलाच नसतो.

डब्यातले प्लॅस्टिकचे डायनॉसोर धाकटीला हवे होते. बदल्यात काय ठेवायचे? मी सावंतवाडीचा लाकडी भोवरा आणि जाळी नेली होती, ती दिली. बिया, सागरगोटे, चिंचोके असले काही परदेशात नेऊ नये आणि रानात तर मुळीच टाकू नये, हे इथे सांगून ठेवतो. त्याचे कारण त्याच झाडीत काट्यांच्या रूपाने उभे होते. तिकडे रस्त्याकडेला, ओढ्याकाठी एक काटेरी ब्लॅकबेरी इतकी माजली आहे की आपल्याकडच्या घाणेरीची आठवण यावी. १८८५ साली ल्यूथर बरबँक या नामांकित अमेरिकन पीकसंशोधकाने भारतातून आलेल्या बियांपासून ती वाढवली आणि हिमालयाचे नाव देऊन विकली. वेल मूळची आर्मेनियाकडची, पण नाव आपल्या हिमालयाचे लागले ते लागले. फळ गोड, म्हणून पाखरांनी बी सगळीकडे नेले. आता काढता निघत नाही.

दुसरे एक झुडूप तिथे जपून ओळखावे लागते. त्याला पॉयझन ओक म्हणतात. तीन-तीन पाने एकत्र, तुकतुकीत. अंगाला लागले की फोड येतात. हे आपल्या बिब्ब्याच्या, काजूच्या आणि आंब्याच्याच कुळातले. बिब्ब्याचे तेल उतून कसे होते ते ज्याने भोगले आहे त्याला जास्त सांगायला नको. मी दोन्ही पोरांना हे झुडूप लांबून दाखवले आणि तीन पानांची खूण पाठ करून घेतली. दुसऱ्या दिवशी थोरला शाळूसोबत्यांना तीच खूण इंग्रजीत समजावत होता. पस्तीस वर्षे विस्तारकार्य केलेल्या माणसाला याहून काय हवे!

विस्ताराचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. ओरेगनच्या सरकारी विद्यापीठाची शेतीविस्तार सेवा १९११ पासून चालू आहे. तिच्यामार्फत मुलांसाठी फोर-एच नावाची मंडळे चालतात. मूल एक कोकरू किंवा चार कोंबड्या स्वतः सांभाळते, खर्चाची वही स्वतः लिहिते आणि गावच्या जत्रेत आपले जनावर घेऊन परीक्षकांपुढे उभे राहते. आपल्याकडे पोराला "तू अभ्यास कर, गोठ्यात येऊ नकोस" म्हणणारे बाप मी शेकड्याने पाहिले. त्यांचे कारणही मला कळते. तरी ती वही मला आठवत राहते.

मग एका शनिवारी बीव्हरक्रीकला गेलो. वाटेत ओरेगन सिटी लागते. एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडून बैल जुंपलेल्या गाड्यांनी महिनोनमहिने प्रवास करून आलेले शेतकरी जमिनीसाठी जिथे पोचत, ते हे गाव. तिथून पुढे रस्ता वर चढतो. उंच देवदारासारखी डग्लस फरची झाडे, मध्येच कुरणे, रोपवाटिका, नाताळच्या झाडांच्या सरळ रांगा, आणि आकाश स्वच्छ असेल तर बर्फाचा माउंट हूड. आकडे होते उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम रेखांश १२२ अंश २४.८०० मिनिटे. मी थोरल्याला म्हटले, "हे बघ, विषुववृत्त शून्य आणि ध्रुव नव्वद. म्हणजे आपण निम्म्या वाटेवर उभे आहोत." त्याला ते फार आवडले. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळजवळ १.८५ किलोमीटर, कुठेही गेलात तरी. रेखांशाचे मात्र तसे नाही. ध्रुवाकडे जावे तशा रेषा जवळ येतात, म्हणून तिथे रेखांशाचे एक मिनिट सुमारे १.३ किलोमीटर भरते आणि आपल्या सातारा जिल्ह्यात पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. मिनिटाचा हजारावा भाग धरला तर माणसाच्या दोन-तीन ढांगा. एवढ्या बारकाईने जागा सांगता येते.

त्या जागी आता बादली नाही. रस्त्यालगत झाडीत स्मृतिफलक बसवला आहे. मुले हिरमुसली. धाकटी म्हणाली, "नुसता दगडच आहे!" खरे सांगायचे तर पाहण्यासारखे तिथे काहीच नाही. गर्द सावली, नेचे, पाचोळ्याचा वास. पण थोरला फलकावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि एकाएकी मला म्हणाला, "आबा, आपल्या शेताचे नंबर काय आहेत?"

मी त्याला गट नंबर सांगितला. तो म्हणाला, "तो नाही. कुठे आहे ते नंबर."

आता माझी थोडी घरची हकिकत सांगणे भाग आहे. आमचे मूळ गाव माण तालुक्यात, पावसाच्या सावलीतले. वडिलार्जित जमीन चुलत घराण्यांत वाटली गेली आहे. मी नोकरीपायी कायम बाहेर, धाकटा भाऊ शेती बघतो. मला एकुलती एक मुलगी. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली कायदा करून वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. म्हणजे आज ना उद्या सातबारावर हिचे नाव येणार आणि पुढे या दोन पोरांचे. आणि त्यांना आपले शेत जगाच्या पाठीवर नेमके कुठे आहे हे ठाऊक नाही. तुमच्यापैकी कितीतरी घरांत हेच चालू आहे. त्यासाठी नातू अमेरिकेतच असावा लागतो असे नाही, पिंपरी-चिंचवडला असला तरी पुरते. माझ्या वडिलांनी मला बोट धरून एकेक दगड दाखवला होता. "हा आपला, इथून त्या बोरीपर्यंत." त्या बोरी किती राहिल्या?

त्या रात्री भावाला फोन केला. तिकडे सकाळ होती. म्हटले, बांधाच्या प्रत्येक कोपऱ्यावरच्या दगडापाशी उभा राहा आणि मोबाइलवर जागा पाठव. त्याला वाटले भावाला अमेरिकेचे पाणी बाधले. पण तो गेला. चार कोपऱ्यांचे आकडे आले. ओढ्याकडचा पाचवा दगड मिळत नव्हता. तो दगड म्हणजे जुने दुखणे. तो हलवला गेला, असा आमच्या घराचा चुलत घरावर आणि त्यांचा आमच्यावर संशय. पंधरा-वीस वर्षे दोन्ही घरांत लग्नाकार्यापुरते बोलणे. मी गावात नसल्याने त्यात पडत नसे.

डिसेंबरात मुलगी पोरांना घेऊन नाताळच्या सुट्टीत गावी आली. रब्बीचा जोंधळा निसवून दाणा भरत होता. पोरांनी पायातले बूट काढून ठेवायचे नाहीत आणि पिकात शिरायचे नाही, बांधानेच चालायचे, एवढ्या दोन अटी घालून आम्ही आकडे हाती दिले. पहिला दगड रस्त्याकडेला, तो दहा मिनिटांत सापडला. दुसरा घाणेरीत. तिसऱ्यावर कोणीतरी शेंदूर लावून देव केला होता. धाकटीने त्याला नमस्कार केला आणि वहीत नाव लिहायला मागितले. चौथा लिंबाखाली. बाण लिंबाच्या भोवती फिरला, मग मोबाइल खिशात आणि डोळे जमिनीवर, बीव्हरक्रीकसारखेच. आपल्या भागातले हे दगड म्हणजे साधी गोष्ट नव्हे. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीची जी मोजणी सुरू केली, तिच्या पद्धतीने पुढे गावोगाव शेतांना नंबर पडले आणि हद्दीच्या खुणा रोवल्या. नंतर एकत्रीकरणात गट पडले, त्यामुळे जुना सर्व्हेचा दगड आणि आजची गटाची हद्द प्रत्येक ठिकाणी जुळेलच असे नाही. हे ध्यानात ठेवा.

पाचव्या दगडाला आकडे नव्हते. आम्ही ओढ्याकाठी घुटमळत होतो, तर पलीकडच्या वस्तीवरून चुलत घरची म्हातारी काठी टेकत आली. आमची चुलतीच ती, ऐंशीच्या पुढची. पोरांनी वाकून पाया पडल्या. ती म्हणाली, "काय हुडकताय रं लेकरांनो?" थोरला आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "आजी, आम्ही दगड शोधतो. आपला."

म्हातारी थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बोरीच्या बुडाला हुता. दुपारची भाकर त्येच्यावं ठेवत हुतो आमी."

बोर नव्हतीच. तिने काठीने जागा दाखवली, तिथे नुसती सपाट पोयट्याची जमीन. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर गावच्या बायामाणसांनी ताली बांधल्या. मी पाच-सहा वर्षांचा होतो, आई त्या कामावर जायची. त्या तालीने अर्धे शतक गाळ अडवला. माती धरून ठेवणे हेच तिचे काम, ते तिने चोख केले. भावाने टिकाव आणला. चुलतभावाचा मुलगाही फावडे घेऊन आला, कोणी बोलावले नव्हते. दीड हात खाली टिकाव टणकन वाजला. पोरांनी हाताने माती उकरली. दगड उभाच होता. कोणी हलवला नव्हता, तो गाळाखाली गेला होता.

त्यावर मोठेसे कोणी बोलले नाही. म्हातारी म्हणाली, "हुरडा खाऊन जावा," आणि दोन्ही घरची पोरे आगटीभोवती बसली. मोजणीसाठी दोन्ही घरांनी मिळून अर्ज करायचे ठरले आणि तो केलाही. मोजणी आली की रेष कुठे पडते ते कळेल. आमच्याकडे दोन पांड सरकेल की त्यांच्याकडे, हे आज सांगता येणार नाही. फोन मात्र दोन्ही बाजूंनी होतात.

तेव्हा तुम्हीही हे करून बघा, पण काही गोष्टी सांभाळून. पहिली आणि महत्त्वाची म्हणजे मोबाइलच्या आकड्यावर बांधाचे भांडण काढू नका. मोकळ्या रानातही त्यात चार-पाच मीटरचा फरक पडतो आणि तेवढ्यात अख्खा बांध इकडचा तिकडे होतो. हद्द ठरवायची ती भूमिअभिलेख खात्याच्या मोजणीनेच. हद्दीच्या खुणा शाबूत ठेवण्याची जबाबदारी जमीन महसूल संहितेने खातेदारावर टाकली आहे, म्हणून दगड दिसला तर त्याच्याभोवती स्वच्छ करा, पण उपटून "नीट" लावू नका.

डबा ठेवायचा तर आपल्याच रानात. एसटी स्टँड, पूल, धरण, देऊळ, किल्ला असल्या जागी बेवारस डबा दिसला की पोलीस येतील, आणि त्यांनी यायलाच हवे. परक्याच्या रानात ठेवायचा तर आधी विचारावे. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा घ्या. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा डबा, कितीही धुतलेला असला तरी, मुलांच्या हाती कधीही देऊ नका. ही गोष्ट नोकरीत मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितली आणि अजून सांगतो. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि सोबत शिसपेन्सिल, शाई ओलाव्याने फुटते. डबा जमिनीवर टेकवलात तर वही वाळवीची होते, म्हणून दगडावर किंवा झाडाच्या बेचक्यात ठेवा. बेचक्यात आग्यामोहोळ नाही ना ते आधी बघा.

बिळात, दगडाखाली, वारुळात हात घालायचा नाही. काठीने आधी ठोकायचे. विहिरीला कठडा नसेल तर तिच्या आसपास डबा ठेवूच नये. शेजाऱ्याने आदल्या दिवशी फवारणी केली असेल तर त्या बांधाने जाऊ नका. उसाच्या फडात तर नाहीच. उन्हे चढायच्या आत परत या, आणि पाच वर्षांचे पोर अर्ध्या कोसाच्या वर चालणार नाही हे धरून चाला. ते मध्येच मुंगीचे वारूळ बघत बसते. बसू द्या. धाकटी तर तिसऱ्या आणि चौथ्या दगडाच्या मध्ये वीस मिनिटे एका शेणकिड्याच्या मागे होती.

ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी गावच्या जुन्या आडाचे, पारावरच्या पिंपळाचे, आजीच्या माहेरच्या वाटेवरच्या मैलाच्या दगडाचे आकडे घ्यावेत. डबा ठेवायची गरज नाही, नुसते शोधायचे. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून खुणा वहीत लिहून घ्या. "बोरीच्या बुडाला" ही खूण मोबाइलमध्ये नसते.

आमचा डबा चौथ्या दगडाजवळ लिंबाच्या बेचक्यात आहे. आत वही, पेन्सिल, चार गोट्या आणि तो ओरेगनचा डायनॉसोर. तिकडच्या भोवऱ्याचेही कळले. मार्चमध्ये कोणीतरी लिहिले होते की लाकडी खेळणे सुरेख आहे, दोरीही आहे, पण हे फिरवायचे कसे? थोरल्याने जाळी गुंडाळण्याची तीन चित्रे काढून त्यांना पाठवली. इथल्या वहीत परवा भावाने पाहिले तर अकरा नावे झाली होती. सहा आमच्या घरची, पाच चुलत घरची. शेवटचे नाव म्हातारीचे, नातीने लिहिलेले, आणि त्यापुढे तिचा अंगठा.